सैमा मुलारीची हळू बोलणारी काडतुसे

हाउकिवारा गावात बंदुकीचा दणका ऐकू आला की बायका चुलीपाशी बसल्या बसल्या सांगत, "ओइवा असणार. एल्क हरीण पाडलं." पण नोव्हेंबरातल्या उशिरा उजाडणाऱ्या सकाळी तळ्याकाठच्या भूर्जांच्या बाजूने नुसता घसा साफ केल्यासारखा आवाज आला, तर त्या एवढेच म्हणत, "सैमाचं काडतूस." गावाने त्याला 'पाद्रीबुवांचा खोकला' असे नाव दिले होते. प्रवचनाच्या मध्येच पाद्रीबुवा खोकले म्हणून काही कुणी बाकावरून उठून जात नाही. तसे हे काडतूस उडे, भूर्जाच्या शेंड्यावरचा एक काळा रानकोंबडा खाली बर्फात पडे, आणि शेजारचे बाकीचे कोंबडे मान वाकडी करून एकदा पाहत आणि पुन्हा कळ्या टिपायला लागत.

सैमा स्वतः शिकारीण नव्हती. तिचे निम्मे आयुष्य गावच्या सहकारी भांडारात मापापाशी गेले होते. साखर, कॉफीचे दाणे, खिळे, गुरांचे मीठ, जे सुटे विकले जाई ते तिच्या हातून जाई. पिशवीचे तोंड दुमडण्याआधी ती बोटाने पिशवीला एक टिचकी मारी, म्हणजे आतला माल तळाशी बसे. मग रस्ते झाले, फिरते दुकान गाडीतून दारात यायला लागले आणि भांडार बंद झाले. शेवटची मालमोजणी सैमानेच केली. मागच्या फळीवर पिस्तुलाच्या गोळ्यांचे एक जड खोके निघाले. नुसत्या गोळ्या, काडतुसे नव्हेत. सीमेवरच्या एका अधिकाऱ्याने मागवल्या होत्या. त्याची बदली झाली आणि त्या तशाच राहिल्या. वरच्या कार्यालयाने कळवले की परत पाठवू नका, तिथेच काय ते करा. सैमाने ते खोके घरी नेले. फेकायचे तिच्या जिवावर आले, एवढेच त्याचे कारण होते.

त्याच हिवाळ्यात तिच्या नवऱ्याचा, उंतोचा, खांदा गेला. जंगलतोडीवर असताना ढिगावरून एक ओंडका घसरला आणि त्याच्या उजव्या खांद्यावर आला. हाड जुळले, पण वाकडे जुळले. डॉक्टर म्हणाले, हात चालेल, बंदूक विसरा. उंतोने ऐकले नाही. त्याने आपली जुनी जड रायफल काढली, एक गोळी झाडली आणि बर्फात बसकण मारली. पुढे कितीतरी दिवस त्याला कॉफीचा कप उजव्या हाताने उचलता येत नव्हता. मग मात्र त्याने रायफल गुंडाळून माळ्यावर टाकली आणि तो भिंतीकडच्या बाकावर आडवा झाला. बोलका तो कधीच नव्हता. पण त्याचे आधीचे न बोलणे वेगळे होते. पूर्वी तो गप्प असला तरी घरात कुणीतरी आहे असे वाटे.

एके दिवशी तो दाढी करत असताना सैमा हातात काहीतरी घेऊन आली.

"उंतो, हे बघ. बसतंय."

रायफलच्या रिकाम्या पुंगळीच्या तोंडात तिने त्या खोक्यातली पिस्तुलाची गोळी बसवली होती.

"ते पिस्तुलाचं आहे," उंतो म्हणाला.

"ते मला माहीत आहे. मी विचारतेय, बसलं की नाही?"

उंतोने साबणाच्या बोटांनी पुंगळी फिरवून पाहिली. "बसलं."

"जाडी तीच आहे. वजन निम्म्याहून कमी. म्हणजे बारूद थोडीच लागणार. म्हणजे धक्काही थोडाच बसणार."

"आणि गोळी जाणार कुठं?"

"ते कसं सांगू? झाडल्याशिवाय कळेल का? दाढी पुसून घे, एका गालावर तशीच आहे."

गोळी खाली गेली. गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत लावलेल्या फळीवर उंतोने नेम धरला त्याच्या बरेच खाली भोक पडले. मग त्याने रायफलची नेम धरायची मागची पट्टी वर चढवली, पुन्हा झाडली, पुन्हा चढवली. पंधरवडाभर हेच चालले होते. बारूद किती, हे सैमाने ठरवले. पट्टी किती, हे उंतोने. जुन्या पुंगळीचे बूड कापून, त्याला तारेचा दांडा लावून तिने एक छोटे मापटे केले. शेवटी एका दिवशी फळीवरची भोके एका बशीत मावतील अशी आली. उंतोने रायफल खांद्यावरून उतरवली, खांदा गोल फिरवून पाहिला आणि म्हणाला, "काहीच झालं नाही." त्या दिवशी त्याने आपण होऊन वाफेच्या आंघोळीसाठी सौना तापवला.

पुढच्या हिवाळ्यात निम्मे गाव सैमाकडून काडतुसे नेऊ लागले. कारण साधे होते. रायफलच्या पुऱ्या ताकदीच्या गोळीने रानकोंबड्याची नुसती पिसे हाती लागतात. या गोळीने कोंबडा अख्खा मिळे आणि शिवाय बाकीचे उडून जात नसत. सैमाची पद्धत ठरलेली होती. शिवणाच्या टेबलावर पुंगळ्या उलट्या उभ्या. एक उचलायची, सुलटी करायची, एक मापटे बारूद, एक टिचकी, वर गोळी दाबून तोंड बंद, मगच दुसरीला हात. एवढ्याशा बारुदीने पुंगळीचा तळही भरत नसे, तेव्हा एकीत दोनदा पडली तर वरून बघून कळणार कसे? म्हणून ती कधी दोन पुंगळ्या उघड्या ठेवत नसे. या वेळात कुणी दार उघडून "मालकीणबाई, आहात का?" म्हणाले, तर आतून उत्तर येई, "नाही!"

खोके हातात देताना ती प्रत्येकाला एकच गोष्ट सांगे, "आधी आभाळ, मग कोंबडा." म्हणजे गोळी झाडण्याआधी नळी आभाळाकडे करायची, मग सावकाश खाली आणून नेम धरायचा. मोठ्या पुंगळीत चिमूटभर बारूद इकडून तिकडे लोळते. नळी वर केली की ती मागे, पुंगळीच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीपाशी जाऊन बसते आणि ठिणगी तिला नीट मिळते. हे कारण सैमाला माहीत होते, उंतोला माहीत होते. बाकीचे नुसते करत. शेजारच्या गावचे लोक हसत. "हाउकिवाराची माणसं कोंबडा मारायच्या आधी वरच्याची परवानगी काढतात!"

असे सगळे ठीक चालले होते. आणि मग एका दुपारी तौनो आला.

तौनो उंतोचा धाकटा भाऊ. तो बूटही न काढता आत आला. त्याच्या मागे ओइवा तोलोनेन होता. ओइवा शिकारी मंडळाचा अध्यक्ष. उंच, रुंद, आवाजही तसाच. तौनोने हातातली रायफल टेबलावर ठेवली. ती त्यांच्या वडलांची रायफल होती. सैमाने नळीवरून बोट फिरवले आणि मध्यावर आल्यावर ते थांबले. तिथे नळी फुगली होती. सापाने काहीतरी गिळावे तशी, गोल, सगळीकडून सारखी.

"तुला लागलं का?" सैमाने पहिल्यांदा ते विचारले.

"नाही. कान वाजतोय." तौनो म्हणाला. "वहिनी, एक गोळी आत अडकली असणार. मला कळलंच नाही. मागून दुसरी झाडली."

"माझंच काडतूस?"

"दुसरं कुणाचं असणार?"

"माझं काडतूस अडकत नाही."

"मग ही नळी काय गरोदर आहे?" ओइवा म्हणाला.

बाकावर बसलेला उंतो उठला, रायफल उजेडाकडे धरून त्याने नळीत डोळा लावला आणि ती परत जागेवर ठेवली. 

ओइवाने टोपी काढली. तो वाईट माणूस नव्हता. अध्यक्षाने जे बोलायचे ते तो बोलत होता. "सैमा, हे बघ. आज नळी फुगली, उद्या फुटेल. कुणाचा डोळा जाईल, मग मला विचारतील. रविवारी शाळेत बैठक आहे. मी ठराव मांडणार. मंडळाच्या जमिनीवर घरी भरलेलं हलकं काडतूस कुणी वापरायचं नाही."

"कुणीच?"

"कुणीच. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही, असं चालत नाही."

गावाभोवतीचे सगळे रान मंडळाचे होते. एवढे ऐकून उंतोने कोट चढवला आणि तो बाहेर गेला. जरा वेळाने डाव्या हाताने लाकडे फोडल्याचे आवाज येऊ लागले. सैमाने ते ऐकले आणि तिला पुढचा सगळा हिवाळा दिसला. भिंतीकडचा बाक, आणि त्यावर भिंतीकडे तोंड करून आडवा झालेला माणूस.

"तौनो, माझ्या खोक्यातली किती राहिलीत?"

"दहा-बारा असतील."

"शनिवारी खाणीत घेऊन ये. ओइवा, तूही ये."

"कशाला?"

"ठराव लिहायचा तर काहीतरी बघून लिही की. आणि बसा, कॉफी ठेवलीय. तौनो, बूट काढ आधी, सगळी फरशी ओली केलीस."

शनिवारी खाणीत चौघे होते. या चौघांखेरीज आणखी कुणाला सैमाने येऊ दिले नव्हते. बर्फ ताजे होते, थंडी मात्र फारशी नव्हती. उंतोने आपली रायफल आणली होती. तौनोच्या खोक्यातली काडतुसे त्याने एकेक करून फळीवर झाडली. प्रत्येक वेळी नळी आभाळाकडे, मग खाली, मग खोकल्यासारखा आवाज, मग फळीचा ठोका. निम्मी संपली तरी एकही गडबडले नाही.

"झालं?" ओइवा म्हणाला. "म्हणजे काय सिद्ध झालं? अकरा चांगली असली आणि एक वाईट असलं, तरी मला त्या एकाचीच काळजी आहे."

"मग मी खोटं बोलतोय का?" तौनो चिडला. "बापाची रायफल मी मुद्दाम फुगवली?"

"तू खोटं बोलत नाहीस," सैमा म्हणाली. "बाकीची राहू देत, उंतो. ती बर्फात पुरून ठेव, त्या दिवशीसारखी गार होऊ देत. आणि तौनो, तू मला सांग. तू उभा कुठं होतास?"

"घारीच्या कड्यावर. वरती, टोकाला."

"आणि कोंबडे?"

"खाली. तळ्याकाठच्या भूर्जांवर. वरून सरळ दिसत होते, पाच-सहा."

"म्हणजे तू खाली झाडत होतास."

"हो. म्हणून काय झालं?"

"तिथं पोचेपर्यंत रायफल कुठं होती?"

"पाठीवर. नळी खाली करून." तौनोने तिच्याकडे असे पाहिले, की हाही काय प्रश्न झाला. "बर्फ पडत होता, वहिनी. बर्फात नळी वर करून कोण फिरतं? आत बर्फ नाही का जाणार? चालायला लागल्यापासून बाप हेच सांगत होता."

ओइवाने मान हलवली. त्याच्या बापानेही हेच सांगितले होते. या भागात सगळ्यांच्याच बापांनी सांगितले होते.

"बरोबर आहे," सैमा म्हणाली. "मग कड्यावर पोचल्यावर आभाळ दाखवलंस?"

तौनोने स्कीच्या टोकाने बर्फ उकरले.

"तौनो."

"कड्याच्या टोकावर उभं राहून एवढी मोठी काठी वर केली असती तर कोंबड्यांना मी दिसलो नसतो का? पोटावर सरकत गेलो होतो." मग तो जरा हळू बोलला. "आणि खरं सांगू का वहिनी, मला वाटायचं, ते तुझं आपलं असंच आहे. भांडारात पिशवीला टिचकी मारायचीस ना, तसं. सवय म्हणून."

"बरं. पहिली झाडल्यावर काय झालं?"

"आवाज झाला. जरा बसका होता, पण टोपी कानावर ओढलेली होती. कोंबडा हललाच नाही. तुझ्या काडतुसाला कोंबडे हलत नाहीतच! म्हटलं, चुकली. मागे ओढलं, दुसरी घातली, झाडली. तेव्हा खांद्यात घोड्यानं लाथ घातली."

 खाणीच्या काठावरून बर्फाचा एक गोळा सुटून खाली आला.

"म्हणजे बारूद पुंगळीत पुढं जाऊन बसली होती," सैमा म्हणाली. "टोपीची ठिणगी रिकाम्या जागेत उडाली. बारूद अर्धवट पेटली, गोळी निम्म्या वाटेत थांबली."

"असं तू म्हणतेस," ओइवा म्हणाला.

"मी म्हणत नाही. मी दाखवते. उंतो, रायफल दे."

उंतोने रायफल दिली नाही. त्याला कळले होते ती काय करणार ते. घरात आता ही एकच रायफल होती. आत अडकलेली गोळी ठोकून निघाली तर निघाली. नाही निघाली, किंवा काढताना नळीला ओरखडे पडले, तर बैठकीने काहीही ठरवले तरी उपयोग नव्हता.

"सैमा," तो म्हणाला. दिवसभरात त्याने उच्चारलेला हा पहिला शब्द होता.

"तुझा माझ्यावर विश्वास आहे की नाही?"

"आहे. पण रायफल एकच आहे."

"म्हणूनच मागतेय. दुसऱ्याची कशी मागू?"

उंतोने रायफल दिली. ओंडके ओढायच्या घसरगाडीला ती त्यांनी दोराने आवळून बांधली, नळी खाणीच्या उताराकडे, खालच्या स्वच्छ बर्फाकडे. चापाला सुतळी लावली. सगळ्यांना सैमाने पाइनच्या जाड बुंध्यामागे उभे केले. मग नळी खाली झुकलेलीच ठेवून तिने काडतूस आत सारले आणि सुतळी ओढली.

खोकला झाला. खालच्या बर्फात काळे भोक पडले.

"बाहेर आली की," ओइवा म्हणाला.

सैमाने दुसरे घातले. पुन्हा खोकला, जरा बारीक. पुन्हा भोक, जरा अलीकडे. पण भोक पडलेच.

"सैमा, घरी माझी वाट बघतायत," ओइवाने हातमोजे चढवले. "तू प्रयत्न केलास, मी पाहिलं. उद्या बैठकीत तसं सांगेन."

तौनो खाली बघत होता. आता गावात तोच खोटा ठरणार होता, किंवा त्याची वहिनी. आणि यातले कुठलेही त्याला नको होते.  सैमाने मात्र घाई केली नाही. भांडारात मोजणी जुळली नाही की ती रकान्यांकडे बघत बसत नसे. उठून पुन्हा फळ्यांपाशी जाई आणि माल कोणत्या वाटेने आला ते आठवे. तसेच तिने आता केले. तौनो कड्यावर उडून गेला नव्हता. तो स्कीवर गेला होता, तळ्याला वळसा घालून, चढण चढून. पाठीवर नळी खाली असलेली रायफल प्रत्येक पावलाला आपटत होती. भांडारातल्या पिशवीला तर एक टिचकी पुरत असे.

"ओइवा, पाच मिनिटं. तौनो, ही रायफल घे, आत काडतूस आहे, मागचा बोल्ट उघडा ठेवते, म्हणजे उडणार नाही. बाहेर काढू नकोस. पाठीवर लाव, नळी खाली. त्या दिवशी गेलास तसा खाणीला वळसा घाल. आणि लाडानं चालू नकोस, आपटत चाल."

"बोल्ट उघडा असला तर आपटताना काडतूस मागे उसळेल, वहिनी."

"मग मागे जुना कपडा कोंबते. चल."

तौनो निघाला. खाणीभोवती तो असा धपाधप गेला की पाइनवरचे बर्फ खाली आले. ओइवाला हसू आवरेना. "अरे, लग्नाच्या वरातीत चाललायस की काय?" पण तो थांबला होता. तौनो परत आल्यावर त्यांनी रायफल तशीच, झुकलेली, हलू न देता घसरगाडीवर बांधली. सैमाने कपडा काढला, बोल्ट लावला, सगळे बुंध्यामागे आले. सुतळी ओढली.

या वेळी खोकलाही नव्हता. बाटलीचे बूच निघावे तसा पोकळ आवाज झाला. नळीतून थोडा धूर आला. खाली बर्फात तिसरे भोक पडलेच नाही.

 मग सैमानेच बोल्ट उघडला. अर्धवट जळलेले बारुदीचे पिवळट कण मागे सांडले. उंतोने पितळी सळई आणली आणि ती ओइवाच्या हातात दिली. ओइवाने ती नळीच्या तोंडातून आत घातली. सळई निम्मी आत गेली आणि टक् करून थांबली. ओइवाने पुन्हा घातली. पुन्हा टक्.

तौनोने सळईवर अंगठ्याने खूण धरली, सळई बाहेर काढून नळीच्या बाजूला टेकवली. "इथंच," तो म्हणाला. "माझी फुगलीय तीसुद्धा इथंच."

ओइवाने हातमोजे पुन्हा काढले. 

उंतोने नळीत थोडे तेल सोडले, घसरगाडीवर रायफल आडवी धरायला तौनोला सांगितले आणि डाव्या हातात हातोडा घेऊन सळईच्या टोकावर हलके हलके ठोकायला सुरुवात केली. बराच वेळ काही सरकले नाही. सैमा त्याच्याकडे बघत नव्हती; ती फळीवरची भोके बघत होती आणि तिला एकही भोक दिसत नव्हते. मग हातोड्याचा आवाज बदलला. गोळी मागच्या बाजूने निघून बर्फात पडली. उंतोने नळी आभाळाकडे करून तिच्यात डोळा लावला, फिरवून फिरवून पाहिली. "स्वच्छ," तो म्हणाला, आणि मग थोडा वेळ तसाच बघत राहिला.

"म्हणजे काडतुसाचा दोष नाही," ओइवा म्हणाला. "तौनोचा."

"काडतुसाचा आहे," सैमा म्हणाली.

तिघांनीही तिच्याकडे पाहिले.

"हे काडतूस मी अशा माणसासाठी भरलं, की जो दरवेळी माझं ऐकेल. तसा माणूस या गावात नाही. घरात एक आहे, तोही कंटाळला की ऐकत नाही. बर्फात नळी खालीच धरणार, हे मला माहीत असायला हवं होतं. मीही इथलीच आहे."

"मग उद्या मी काय मांडू?"

"तुला मांडायचं ते मांड. मला मात्र बोलू दे."

रविवारी शाळेच्या वर्गात माणसे लहान मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून बसली होती. एरवी सैमा बैठकीत कॉफी आणि वेलचीचा पाव घेऊन मागच्या दाराने येई. या वेळी ती पुढच्या दाराने आली आणि पहिल्या बाकावर बसली. पाव मागेच राहिला होता, त्यामुळे सुरुवातीपासून सगळ्यांचे लक्ष विचलित होते. ओइवाने खाणीत जे पाहिले ते प्रामाणिकपणे सांगितले, अंगठ्याच्या खुणेसकट. मग तो म्हणाला, "सैमाला बोलायचंय."

सैमा उभी राहिली. "मी आजपासून बारूद वाढवतेय. काल संध्याकाळी आम्ही नवीन भरून बघितली. नळी खाली धरा, आपटा, वरात काढा, गोळी बाहेर येते. उंतोच्या खांद्यालाही धक्का झेपतो. पण आवाज मोठा होतो. खोकला राहणार नाही."

मागच्या बाकावर कुरकुर सुरू झाली. "मग बाकीचे कोंबडे उडून जातील की!"

"जातील."

"मग तुझ्या काडतुसाचा उपयोग काय? झाडभर कोंबडे आणि मिळणार एक!"

"एक मिळाल्यावर दुसऱ्या झाडापाशी जायचं. पाय दिलेत ना देवानं?"

"थोडी जुनी भरून ठेव की, सैमा. जे नीट वापरतात त्यांच्यापुरती."

"नीट कोण वापरतं?" सैमाने विचारले. सहा-सात हात वर झाले. "नळी आभाळाकडे का करायची, सांगा."

हात तसेच वर राहिले. कुणीतरी म्हणाले, "नशीब येतं." दुसरा म्हणाला, "नळीत बर्फ आहे का ते कळतं." तिसरा म्हणाला, "तू सांगतेस म्हणून." यावर मात्र सगळे हसले, सैमासुद्धा.

"तर आता असं," ती म्हणाली. "खोकं कुणालाही तयार मिळणार नाही. ज्याला हवीत त्यानं माझ्या टेबलाशी बसून, माझ्यासमोर, स्वतःच्या हातानं पहिला घाणा भरायचा. आणि का करतो ते मला सांगायचं. मग नेहमीसाठी मी भरून देईन."

"हे शिकारी मंडळ आहे की शाळा?" ओइवा म्हणाला.

"इमारत तर शाळेचीच आहे."

ओइवाने स्वतःचा ठराव मागे घेतला आणि तिचा मांडला. पहिला हात तौनोचा वर गेला. उंतोचा उजवा वर जात नव्हता, म्हणून त्याने डावा केला. मग बाकीचे हात आले, काही कुरकुरत, काही पावाच्या आशेने.

तौनोची रायफल शहरातल्या कारागिराकडे गेली. तिथे तिला नवी नळी बसली. दस्ता मात्र बापाचाच राहिला. नवी नळी आली त्या दिवशी तौनो सगळ्यात आधी सैमाच्या टेबलाशी बसला आणि तिने न विचारताच कारण सांगून मोकळा झाला, शाळेतल्या कवितेसारखे, एका दमात.

त्याच्या पुढच्या शनिवारी सकाळी ओइवा आला. बूट काढले, हात धुतले, शिवणाच्या टेबलापाशी बसला. एल्क ओढणाऱ्या त्याच्या बोटांत ते मापटे दिसतही नव्हते.

"उंतो कुठंय?" त्याने विचारले.

"रानात. तू येणार म्हटल्यावर उजाडायच्या आत निघाला. म्हणाला, मला बघवणार नाही."

ओइवाने एक पुंगळी उचलली, सुलटी केली, मापटे बुडवले, ओतले. आणि गोळी बसवायच्या आधीच दुसऱ्या पुंगळीला हात घातला.

"थांब," सैमा म्हणाली. "पहिलीचं तोंड बंद केलंस?"

"करतो की. दोन्ही एकदम करतो, वेळ वाचेल."

"ओत बाहेर. दोन्ही. पुन्हा पहिल्यापासून."

"सैमा, दुसरी तर अजून रिकामी आहे!"

"तुला खात्री आहे?"

ओइवाने दुसऱ्या पुंगळीत डोकावले. आत अंधार होता आणि काहीच दिसत नव्हते. त्याने दोन्ही पुंगळ्या उलट्या करून टेबलावर आपटल्या, एकीतून बारूद सांडली, दुसरीतून काही नाही. त्याने सैमाकडे पाहिले, सांडलेली बारूद चिमटीने गोळा केली आणि पहिली पुंगळी पुन्हा हातात घेतली.